ली सो-हीची कारकीर्द आणि बीडब्ल्यूएफ टीव्ही: एक परीक्षण

जागतिक बॅडमिंटन महासंघाची 'बीडब्ल्यूएफ टीव्ही' ही यूट्यूब वाहिनी आपल्याकडच्या बहुतेक बॅडमिंटनप्रेमींना ठाऊक असते, पण तिचा वापर मात्र रात्री जेवणानंतर सिंधू किंवा सात्त्विक-चिराग यांच्या सामन्याचे हायलाइट्स पाहण्यापुरताच होतो. ही वाहिनी काय देऊ शकते हे समजून घ्यायचे असेल, तर एकाच खेळाडूची कारकीर्द हाती घ्यावी आणि तिचे जुने-नवे सामने कालक्रमाने पाहावेत, असे मला वाटते. या परीक्षणासाठी मी कोरियाची महिला दुहेरीची खेळाडू ली सो-ही हिची निवड केली आहे. तीन ऑलिंपिक स्पर्धा खेळूनही तिच्या नावावर ऑलिंपिक पदक नाही, आणि तरीही दोन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर तिने ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनमधील अत्यंत प्रतिष्ठेची स्पर्धा जिंकली आहे. पदकांचा तक्ता पाहणाऱ्याला तिचे मोठेपण दिसत नाही; सामने पाहणाऱ्याला मात्र पहिल्या अर्ध्या तासातच ते दिसू लागते.

ली सो-हीचा जन्म 14 जून 1994 रोजी उल्सान येथे झाला. शिन सुंग-चान ही तिच्याच वयाची मैत्रीण आणि जोडीदार. या दोघींनी 2011 आणि 2012 अशी सलग दोन वर्षे जागतिक कनिष्ठ अजिंक्यपद स्पर्धेत मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. कोरियात खेळाडू एखाद्या उद्योगसमूहाच्या, बँकेच्या किंवा सार्वजनिक संस्थेच्या संघात नोकरीला असतात आणि तेथून राष्ट्रीय संघात निवडले जातात. ली सो-ही इंचॉन आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या संघाची. आपल्याकडे रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या किंवा पोलीस दलाच्या संघांतून खेळाडूंना जसा आधार मिळतो, तशीच ही व्यवस्था आहे. फरक इतकाच की कोरियात राष्ट्रीय संघाचे सराव शिबिर जवळजवळ वर्षभर चालते आणि दुहेरीच्या जोड्या कोणी कोणाबरोबर खेळायचे हे बहुतांशी प्रशिक्षक ठरवतात. ली सो-हीच्या कारकिर्दीतील जोडीदारांचे बदल समजून घेताना हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कनिष्ठ गटातील ही यशस्वी जोडी 2016 च्या रिओ ऑलिंपिकला एकत्र गेली नाही. शिन सुंग-चान जुंग क्युंग-उनबरोबर खेळली आणि ली सो-ही चांग ये-नाबरोबर. जुंग आणि शिन यांनी कांस्यपदक जिंकले. जुंग क्युंग-उन 2012 मध्ये लंडन येथे, मुद्दाम सामना हरण्याच्या प्रकरणात अपात्र ठरलेल्या आठ खेळाडूंपैकी एक होती, त्यामुळे त्या पदकाला तिच्या दृष्टीने फार मोठा अर्थ होता. ली आणि चांग उपान्त्यपूर्व फेरीत क्रिस्टिना पेडरसन आणि कमिला ऱ्युटर यूल या डॅनिश जोडीकडून तीन गेममध्ये पराभूत झाल्या, आणि त्या डॅनिश जोडीने पुढे रौप्यपदक मिळवले. त्यानंतर सात महिन्यांनी, मार्च 2017 मध्ये बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात याच दोन जोड्या समोरासमोर आल्या आणि ली-चांग यांनी तो सामना सरळ दोन गेममध्ये, 21-18, 21-13 असा जिंकला. कारकिर्दीचा अभ्यास या सामन्यापासून सुरू करावा अशी माझी शिफारस आहे. डॅनिश जोडी उंच आणि अनुभवी होती, नेटजवळ पेडरसनची पकड जगात सर्वोत्तम मानली जाई. तिला नेटवर येऊ न देता शटल सतत मागच्या कोपऱ्यांत उचलत राहायचे आणि मग आपल्या बाजूने संधी मिळताच ली सो-हीने मागून स्मॅश मारायचा, ही योजना त्या सामन्यात स्पष्ट दिसते. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

येथेच पूर्ण सामना आणि हायलाइट्स यांच्यातील फरक सांगितला पाहिजे, कारण या वाहिनीवर दोन्ही मिळतात आणि चुकीची निवड केली तर महिला दुहेरी कंटाळवाणी वाटते. पुरुष दुहेरीत बरेचदा सर्व्हिसनंतरच्या पहिल्या काही फटक्यांतच गुणाचा निकाल लागतो, त्यामुळे पाच मिनिटांच्या तुकड्यांतही बराच खेळ मावतो. महिला दुहेरीत मात्र बचाव स्मॅशपेक्षा वरचढ असतो. एकाच रॅलीत आठ-दहा स्मॅश परत येतात, आणि गुण मिळवणारा फटका हा त्याआधीच्या पंधरा-वीस फटक्यांचा परिणाम असतो. मे 2023 मध्ये मलेशिया मास्टर्समध्ये पर्ली टान आणि थिनाह मुरलीधरन या यजमान जोडीची जपानच्या रेना मियाउरा आणि आयाको साकुरामोतो यांच्याशी झालेली 211 फटक्यांची रॅली सर्वदूर गाजली. 2016 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत जपानी आणि इंडोनेशियन जोड्यांचा उपान्त्य सामना 161 मिनिटे चालला होता. अशा खेळाचे संकलन करताना रॅलीचा पूर्वार्ध कापला की जे उरते ते दिसायला आकर्षक, पण समजायला निरुपयोगी असते. ली सो-हीसारख्या खेळाडूच्या बाबतीत तर हा तोटा अधिकच जाणवतो. तिचा स्मॅश जड आहे, तो हायलाइट्समध्ये दिसतो. पण सलग तीन स्मॅश परत आल्यावर चौथ्यांदा जोर न लावता ती शटल हळूच दोघींच्या मधल्या जागेत टाकते, किंवा स्वतः थकली आहे हे ओळखून एक उंच लिफ्ट देऊन जोडीदाराला जागा बदलायला वेळ देते, हे पूर्ण सामन्यातच दिसते. म्हणून या वाहिनीवर 'पूर्ण सामना' शोधून पाहावा. मोठ्या स्पर्धांचे अंतिम सामने बहुतेक वेळा पूर्ण स्वरूपात सापडतात.

कारकिर्दीचा पुढचा भाग हा माझ्या मते सर्वांत समृद्ध आहे, आणि तो पाहण्यासाठी थोडी सवड काढावी. ली सो-ही पुन्हा शिन सुंग-चानबरोबर खेळू लागली आणि त्याच काळात कोरियातच तिच्यासमोर एक तुल्यबळ जोडी उभी राहिली: किम सो-योंग आणि काँग ही-योंग. 2019 मध्ये किम-काँग यांनी जपान ओपन आणि कोरिया ओपन जिंकल्या, आणि त्या वर्षी महासंघाचा सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूंचा पुरस्कार त्यांनाच मिळाला. कोरिया ओपनच्या अंतिम सामन्यात त्यांनी हरवले ते ली आणि शिन यांनाच. त्याची परतफेड जानेवारी 2021 मध्ये बँकॉकला झाली. साथीमुळे लांबणीवर पडलेली 2020 ची वर्ल्ड टूर फायनल्स ही हंगामाअखेरची स्पर्धा तेथे प्रेक्षकांविना खेळवली गेली, आणि महिला दुहेरीच्या अंतिम सामन्यात ली-शिन यांनी पहिला गेम गमावल्यावर दुसरा 26-24 असा खेचून घेतला आणि तिसरा 21-19 असा जिंकला.

हा सामना ध्वनी चालू ठेवून पाहण्यासारखा आहे. रिकाम्या सभागृहात शटलवर रॅकेट आदळल्याचा आवाज, बुटांचा कोर्टाच्या पृष्ठभागावर होणारा घर्षणाचा आवाज आणि चारही खेळाडूंचे एकमेकींना दिलेले इशारे इतके स्वच्छ ऐकू येतात की दुहेरीतील बोलणे किती अखंड असते याची कल्पना येते. एकाच देशाच्या जोड्या समोरासमोर आल्या की प्रशिक्षक सहसा कोर्टामागच्या खुर्च्यांवर बसत नाहीत. त्यामुळे योजना बदलायची तर ती खेळाडूंनी स्वतःच बदलायची असते. दुसऱ्या गेममध्ये 20 गुणांपुढे जे घडते ते पाहताना, एकमेकींचा खेळ वर्षानुवर्षे सरावात पाहिलेल्या चार जणी प्रत्येक सर्व्हिसला काय निर्णय घेतात याकडे लक्ष द्यावे. क्लबमध्ये दुहेरी खेळणाऱ्या कोणालाही तेवढी दहा मिनिटे पुष्कळ काही शिकवतील.

या चौघींचा सर्वांत महत्त्वाचा सामना मात्र या वाहिनीवर नाही. 2 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदकासाठी त्याच दोन जोड्या खेळल्या. ली-शिन उपान्त्य फेरीत ग्रेसिया पोली आणि अप्रियानी राहायू या इंडोनेशियन जोडीकडून हरल्या होत्या, आणि त्या जोडीने पुढे सुवर्णपदक मिळवले. किम-काँग चीनच्या चेन किंगचेन आणि जिया यिफान यांच्याकडून हरल्या होत्या. त्याआधी उपान्त्यपूर्व फेरीत किम-काँग यांनी जपानच्या मायू मात्सुमोतो आणि वाकाना नागाहारा यांच्याविरुद्ध तिसरा गेम 28-26 असा जिंकलेला होता, आणि त्या विजयाचे बळ कांस्यपदकाच्या सामन्यात दिसले: 21-10, 21-17. ली सो-ही चौथ्या क्रमांकावर राहिली. ऑलिंपिकच्या चित्रणाचे हक्क आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे असल्याने रिओ, टोकियो आणि पॅरिस येथील सामने ऑलिंपिकच्या स्वतंत्र वाहिनीवर आणि संकेतस्थळावर शोधावे लागतात. ज्याला एखाद्या खेळाडूचा पूर्ण आलेख हवा आहे त्याच्यासाठी ही या सेवेची सर्वांत मोठी मर्यादा आहे. ती हक्कांच्या वाटणीतून आलेली असली, तरी एका धाग्याने सर्व पाहू इच्छिणाऱ्याचा रसभंग होतोच.

टोकियोनंतरचे वर्ष तिने ज्या रीतीने खेळले, त्यावरून तिच्या वृत्तीचा अंदाज येतो. डिसेंबर 2021 मध्ये स्पेनमधील वेल्वा येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ली-शिन अंतिम फेरीत पोहोचल्या आणि चेन-जिया यांच्याकडून पराभूत झाल्या. मे 2022 मध्ये बँकॉकला उबेर कप या महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत पुन्हा तीच चिनी जोडी समोर होती. पहिल्या एकेरीत अन से-यंग तीन गेमची झुंज हरली होती, कोरिया 0-1 ने मागे होता, आणि ली-शिन यांनी पहिला गेम गमावल्यानंतर पुढचे दोन्ही जिंकून बरोबरी साधली. कोरियाने ती लढत 3-2 अशी जिंकली आणि 2010 नंतर प्रथमच उबेर कप मिळवला. अखेरचा विजय सिम यु-जिनचा असल्याने छायाचित्रांत ती दिसते. परंतु ती दुसरी लढत हातची गेली असती तर पुढचे सारे अवघड झाले असते. सांघिक स्पर्धेत दुहेरी खेळणाऱ्यांच्या वाट्याला येणारे हे श्रेय सहसा बातमीच्या चौथ्या परिच्छेदात जाते.

त्याच वर्षी ली सो-हीची जोडी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेल्या बेक हा-नाबरोबर जमली. बेक चपळ आहे, बचावात खाली वाकून आलेला स्मॅश सपाट ड्राइव्हने परतवण्यात तिचा हात विलक्षण आहे, आणि कोर्टावर तिचा उत्साह लपत नाही. मार्च 2023 मध्ये ही जोडी ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत गेली आणि तेथे किम-काँग यांनी त्यांना 21-5, 21-12 असे हरवले. हा सामनाही पाहावा, असे मी आवर्जून सांगेन, कारण नवी जोडी मोठ्या दिवशी कशी विस्कळीत होते हे त्यात दिसते: मधल्या जागेचे शटल कोणी घ्यायचे यावर क्षणभराचा गोंधळ, आणि किम-काँग यांचा मारा त्याच जागेवर. अवघ्या तीन महिन्यांनी त्याच बेक-ली यांनी इंडोनेशिया ओपन जिंकली. हे दोन अंतिम सामने एकापाठोपाठ पाहिले की त्या मधल्या काळात सरावात काय झाले असेल याचा माग काढता येतो. उभे राहण्याच्या जागा बदललेल्या दिसतात, आणि ली सो-ही बेकला नेटजवळ अधिक वेळ ठेवू लागलेली दिसते. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कोरियाच्या महिला संघाने चीनला 3-0 असे हरवून 1994 नंतर प्रथमच सुवर्ण मिळवले. त्या लढतीत बेक-ली यांनी चेन-जिया यांना नमवले. वैयक्तिक दुहेरीच्या अंतिम सामन्यात मात्र चिनी जोडी सरस ठरली.

मार्च 2024 मध्ये ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात जपानच्या नामी मात्सुयामा आणि चिहारू शिदा यांच्याविरुद्ध निकाल होता 21-19, 11-21, 21-17. पहिल्या विजेतेपदानंतर सात वर्षांनी, वेगळ्या जोडीदाराबरोबर, ली सो-ही पुन्हा तोच चषक उचलत होती. 2017 आणि 2024 चे हे दोन अंतिम सामने शेजारीशेजारी ठेवून पाहणे हा या वाहिनीचा सर्वोत्तम उपयोग आहे, असे मला वाटते. एक बारकावा सांगतो. 2017 मध्ये सर्व्हिस कमरेच्या वर गेली की नाही हे सर्व्हिस जज स्वतःच्या नजरेने, खेळाडूच्या शेवटच्या बरगडीच्या पातळीवरून ठरवत असे. 2018 पासून सर्व खेळाडूंसाठी जमिनीपासून 1.15 मीटर ही एकच उंची ठरली आणि जजसमोर रेषा आखलेले पारदर्शक उपकरण आले. दोन्ही सामन्यांत ली सो-हीच्या सर्व्हिसच्या वेळची मनगटाची स्थिती ताडून पाहण्यासारखी आहे. दुसरा बदल तिच्या खेळातला आहे. 2017 मध्ये मागून मिळालेल्या प्रत्येक उंच शटलवर ती स्मॅश मारते. 2024 मध्ये ती त्यांतील पुष्कळ शटल ड्रॉपने (नेटजवळ हळू टाकून) किंवा कोपऱ्यातील क्लिअरने (उंच, मागे मारून) परत देते आणि जोर शेवटच्या काही गुणांसाठी राखून ठेवते.

त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये बेक-ली उपान्त्यपूर्व फेरीत चीनच्या लिउ शेंगशू आणि टान निंग यांच्याकडून सरळ हरल्या. डिसेंबरमध्ये हांगझोऊला वर्ल्ड टूर फायनल्सच्या अंतिम सामन्यात त्यांनी पुन्हा मात्सुयामा-शिदा यांना हरवले, आणि ही जपानी जोडी पॅरिसची कांस्यपदक विजेती होती. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येते आणि त्या एका आठवड्याच्या तोलात एका खेळाडूचे मूल्य ठरवणे अन्यायाचे आहे, हे मी या सामन्यांच्या आधारे अगदी ठामपणे म्हणतो.

समालोचनाविषयी दोन शब्द. इंग्लंडच्या माजी आंतरराष्ट्रीय दुहेरी खेळाडू गिलियन क्लार्क यांचा आवाज असलेला सामना मिळाला तर तो आधी निवडावा. त्या दुहेरीच्या जागा आणि फिरण्याचा क्रम समजावून सांगतात, आणि रॅली चालू असताना गप्प राहण्याचे भान त्यांना आहे. समालोचन इंग्रजीत असते. कबड्डी आणि क्रिकेटचे मराठी समालोचन ऐकायला मिळू लागल्यापासून बॅडमिंटनलाही तसे कोणी भेटावे अशी इच्छा होते. महाराष्ट्रात शाळकरी मुली मोठ्या संख्येने हा खेळ खेळतात आणि त्यांच्यासाठी 'आता पुढची खेळाडू का सरकली' हे कोणी मराठीत सांगितले तर फार उपयोग होईल. तोपर्यंत प्रशिक्षकांनी सामना मधेमधे थांबवून हे काम करावे.

भारतीय प्रेक्षकाला या कोरियन जोड्यांच्या सामन्यांत आपले खेळाडूही भेटतात. 2023 च्या ऑल इंग्लंडमध्ये ट्रीसा जॉली आणि गायत्री गोपीचंद उपान्त्य फेरीपर्यंत गेल्या आणि तेथे बेक-ली यांनी त्यांना 21-10, 21-10 असे रोखले. पॅरिसला गोव्याची तनिशा क्रास्टो आणि अश्विनी पोन्नप्पा यांचा पहिला गटसामना किम-काँग यांच्याशी होता. पहिल्या गेममध्ये आपल्या जोडीने 18 गुण घेतले, दुसऱ्यात 10. पहिल्या गेममधील अंतर किती थोडे आहे आणि दुसऱ्यात कोरियन बचावाने ते कसे वाढवले, हे पाहिले म्हणजे आपल्या महिला दुहेरीला नेमके कशावर काम करायचे आहे ते कळते: स्मॅशच्या वेगावर नव्हे, तर पाचवा-सहावा स्मॅश परत आल्यानंतरच्या संयमावर.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. वाहिनी विनामूल्य आहे, जाहिराती असतात. ज्या देशांत प्रक्षेपणाचे हक्क विकलेले असतात तेथे थेट सामने वाहिनीवर दिसत नाहीत, त्यामुळे भारतात थेट सामना पाहायचा असल्यास त्या हंगामाचे अधिकृत प्रक्षेपण कोणाकडे आहे ते आधी पाहावे. जुन्या सामन्यांना ही अडचण सहसा येत नाही. जुने सामने शोधताना जोडीचे नाव, स्पर्धा आणि वर्ष इंग्रजीत लिहावे, आणि कोरियन नावांची रोमन लिपीतील रूपे एकाहून अधिक असल्याने एका रूपाने न मिळाल्यास दुसऱ्याने पाहावे. महासंघाच्या संकेतस्थळावर खेळाडूचे पान उघडले की स्पर्धानिहाय निकाल मिळतात आणि दोन जोड्यांची आजवरची परस्पर कामगिरीही पाहता येते. ते पान दुसऱ्या खिडकीत उघडे ठेवून सामना पाहिला तर कोण कोणाविरुद्ध दडपणाखाली आहे हे पहिल्या सर्व्हिसपासून समजते. पडदा मात्र मोठा असावा. मोबाइलवर चारही खेळाडू लहान दिसतात आणि पायांची हालचाल, जी महिला दुहेरीचा अर्धा खेळ आहे, नजरेतून निसटते.

सामन्यांचा क्रम मी असा सुचवेन: प्रथम 2017 ची ऑल इंग्लंड, नंतर जानेवारी 2021 चा बँकॉकचा अंतिम सामना, मग 2022 च्या उबेर कपमधील दुहेरीची लढत, 2023 च्या ऑल इंग्लंडमधील पराभव, आणि शेवटी 2024 ची ऑल इंग्लंड. क्लबमध्ये किंवा शाळेत मुलींची दुहेरी शिकवणाऱ्यांनी शेवटचा सामना तरी मुलींना पूर्ण दाखवावा, आणि तिसऱ्या गेममध्ये 11 गुणांवर बाजू बदलल्यानंतर ली सो-ही किती वेळा स्मॅश मारायचे टाळते ते त्यांना मोजायला सांगावे.